मुरगळलेला घोटा आणि थर्मल कॅमेरा : गावात राहून बरं होण्यावर नजर कशी ठेवायची

घोटा मुरगळला की आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. हाड तर मोडलं नाही ना? आणि पळायला कधी सुरुवात करू? पहिल्याचं उत्तर डॉक्टर आणि एक्स-रे देतात. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा दुखणाराच देऊन टाकतो, तेही घाईने. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी बघा. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. मुलींना ८०० मीटर. भरतीची तारीख लागली की सुजलेला पाय बुटात कोंबून, "आता नाही दुखून राहिलं, सर," म्हणत ती परत रस्त्यावर येतात. कबड्डीतही तेच. चढाईला गेलेल्या गड्याचा घोटा पकडीत पिळला जातो आणि पुढच्या रविवारी तोच गडी पट्टी बांधून दुसऱ्या गावच्या सामन्यात उतरतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली, त्या आपल्या भागात आजही गावच्या संघासोबत फिजिओ नसतो. म्हणून हा लेख फिजिओंइतकाच क्रीडाशिक्षक, संघाचे प्रशिक्षक आणि भरतीची अकॅडमी चालवणाऱ्यांसाठी आहे.

कॅमेरा काय बघतो

आपल्या त्वचेतून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. थर्मल कॅमेरा त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण टिपतो आणि त्यावरून त्वचेचं तापमान काढतो. दुखापतीनंतर आत दाह असतो तोवर त्या जागी रक्त जास्त येतं आणि वरची त्वचा गरम होते. कॅमेऱ्याला दिसते ती फक्त ही वरची त्वचा. स्नायुबंध, कूर्चा, हाड यातलं काहीही त्याला दिसत नाही.

तरीही घोट्यासाठी हे तंत्र उपयोगी पडतं, कारण पाय आत वळून मुरगळला की सर्वांत आधी जो स्नायुबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा) ताणला जातो, तो बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे आणि खाली, अगदी त्वचेलगत असतो. मध्ये चरबीचा थर जवळपास नाहीच. खुब्याच्या दुखापतीत हा कॅमेरा फारसं काही सांगू शकणार नाही, घोट्यात सांगतो.

माझं ठाम मत आधीच सांगतो. हा कॅमेरा "थांब" म्हणू शकतो, "पळ" म्हणू शकत नाही. घोटा दुसऱ्या पायापेक्षा गरम असेल तर आत काम चालू आहे, भार वाढवू नका. पण तो गार झाला म्हणून स्नायुबंध मजबूत झाला असं होत नाही. दाह ओसरायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, तर फाटलेल्या तंतूंची नीट बांधणी व्हायला महिने जातात. हा फरक ज्याला पटला नाही, त्याने कॅमेरा न घेतलेलाच बरा.

आधी हाड, मग कॅमेरा

मोडलेल्या हाडावरही कॅमेरा फक्त "गरम" एवढंच दाखवतो. म्हणून पहिली तपासणी हाताने करायची. कॅनडात १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम त्यासाठी पुरेसे सोपे आहेत. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या कुठल्याही हाडावर नेमकी कळ आली, किंवा दुखापत झाल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. दारू प्यायलेल्या माणसावर किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्यावर हे नियम लावू नका; त्याला कळ कळतच नाही.

आपल्या भागात आणखी तीन गोष्टी विचारायलाच हव्यात. पहिली सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूरकडच्या अनेक कुटुंबांत तो आहे, आणि त्याच्या दुखण्याच्या झटक्यात पाय-घोटा सुजून मुरगळल्यासारखाच दिसू शकतो. अशा रुग्णाला बर्फ लावू नका, गारठ्याने झटका येऊ शकतो. माहिती नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची रक्ततपासणी, करून घ्या. दुसरी हत्तीरोग. पूर्व विदर्भात तो जुना आहे, आणि आधीपासून सुजलेल्या पायाशी तुलना करून काढलेला आकडा निरर्थक असतो. तिसरी मधुमेह. मधुमेहींच्या पावलात दोन्ही पायांच्या एकाच जागी २.२ अंशांहून जास्त फरक सलग दोन दिवस दिसला, तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं असा जगभरचा संकेत आहे. अशा रुग्णाच्या गरम, सुजलेल्या पण न दुखणाऱ्या पायाला "मोच" म्हणून घरी ठेवणं धोक्याचं.

कोणता कॅमेरा

फोनला जोडायचे छोटे कॅमेरे पुरतात. २५६ गुणिले १९२ पिक्सेलचा असेल तर उत्तम, १६० गुणिले १२०चाही चालेल. त्याहून कमी नको. घेताना एकच गोष्ट पक्की विचारा: फोटोत प्रत्येक बिंदूचं तापमान साठवलं जातं का, की नुसतं रंगीत चित्र मिळतं? नुसतं चित्र काही कामाचं नाही.

या स्वस्त कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकावर अचूकता दोन-तीन अंश कमी-जास्त अशी लिहिलेली असते. ते वाचून घाबरू नका, आणि विसरूही नका. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर गाजावाजा झाला. सेन्सर बिघडला होता, असं नंतर हवामान खात्याने सांगितलं. एकटा आकडा असा फसवतो. म्हणून घोटा "३४ अंश" आहे याला आपण किंमत द्यायची नाही. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मिनिटाला दुसरा पाय किती दाखवला, त्यातली वजाबाकी तेवढी लिहायची. कॅमेऱ्याची चूक दोन्ही पायांना जवळजवळ सारखीच लागू होते आणि वजाबाकीत निघून जाते.

जवळजवळ म्हणतो, कारण काही कॅमेरे चौकटीच्या डाव्या आणि उजव्या भागात वेगळं तापमान दाखवतात. ते घरी तपासता येतं. मोठ्या परातीत कोमट पाणी घ्या, चांगलं ढवळा, आणि वरून फोटो काढा. पाण्याचा डावा आणि उजवा भाग सारखाच यायला हवा. फरक ०.३ अंशाच्या वर गेला तर पुढे प्रत्येक वेळी पायांचे दोन फोटो काढा, एक सरळ आणि एक फोन उलटा धरून, आणि दोन्हींची सरासरी घ्या. परातीचा काठ मोजू नका; चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो.

कॅमेरा घेण्याची ऐपत नसेल तर कोविडच्या काळात गावोगाव आलेली टेम्परेचर गन वापरा. ती 'बॉडी' नव्हे तर 'सरफेस' मोडवर ठेवा, कारण बॉडी मोड कपाळाच्या तापमानाला स्वतःच्या हिशेबाने वाढवून दाखवतो. पायावर पेनने छोट्या खुणा करून प्रत्येक जागी तीन-तीन वेळा मोजा आणि मधला आकडा घ्या. चित्र मिळत नाही, पण वजाबाकी मिळते.

खोली आणि वेळ

मोजणी बिघडते ती बहुतेक इथेच. २०१७ मध्ये क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी थर्मल फोटो कसे काढावेत याची १५ मुद्द्यांची यादी एकमताने ठरवली, त्यातले कितीतरी मुद्दे खोली, वेळ आणि पूर्वतयारीचे आहेत. खोली १८ ते २५ अंशांची असावी अशी सर्वसाधारण अपेक्षा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे ते सहज जमतं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-अकोल्यात दुपारी ४५ अंश असताना टिनाच्या खोलीत हे करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. पावलाची त्वचा साधारण ३० ते ३४ अंशांच्या आसपास असते; खोलीच तेवढी तापली की दोन्ही पाय सारखेच दिसतात, घाम सुटतो, आणि घाम जिथे वाळतो तिथे खोटा गारवा दिसतो.

उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ धरा. खोली स्लॅबची नको, रात्रभर तो तापलेलाच असतो. मातीची किंवा कौलारू असेल तर चांगलं. भिंतीवर साधा तापमापक टांगा. पारा ३०च्या वर असेल तर त्या दिवशी आकडा लिहू नका, सरळ रकाना रिकामा ठेवा. कूलर मोजणीच्या अर्धा तास आधी बंद करा. त्याची ओली हवा ज्या पायावर येते तो पाय गार दिसतो, आणि बहुतेक घरांत कूलर खोलीच्या एकाच बाजूला असतो. पंखाही बंद. वीज गेली असेल तर उलट सोयीचंच.

हिवाळ्यात वेगळी अडचण. गोंदिया-नागपूरकडे पारा दहाच्या खाली गेला की पायाच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि बोटं ते घोटा सगळंच कॅमेऱ्याच्या चित्रात निळं-जांभळं दिसतं. दारं लावून खोली आधी उबदार होऊ द्या. शेकोटीवरून उठून आलेल्या पोराचा फोटो तर लगेच काढूच नका. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या एका पायाला जास्त आच लागलेली असते. तिला सकाळचा स्वयंपाक सुरू करण्याआधी बोलवा.

पायाची तयारी

मोजणीआधी दोन तास चहा, विडी आणि खर्रा बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात आणि खर्रा तोंडात असताना घेतलेला आकडा विश्वासाचा नसतो. आदल्या संध्याकाळनंतर मालिश, शेक, बर्फ, बाम, काहीही नको. आंबेहळद-तुरटीचा लेप ही आपल्या घराघरातली पद्धत. तो लावायचा की नाही या वादात मी इथे पडत नाही, पण त्याचा पापुद्रा पायावर असताना कॅमेरा लेपाचं तापमान मोजतो, त्वचेचं नाही. आदल्या रात्री कोमट पाण्याने धुऊन टाका. आंघोळ मोजणीनंतर.

पैंजण, जोडवी, पायातला काळा दोरा, क्रेप बँडेज, सगळं काढा. बँडेज काढल्यावर तिथली त्वचा दबलेली आणि ऊब धरलेली असते, म्हणून नंतरची थांबण्याची वेळ महत्त्वाची. माणसाला खुर्चीवर बसवा, दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली उघडे, पावलं लाकडी पाटावर अंथरलेल्या काळ्या सुती कापडावर. थंड फरशीवर पाय नको, एका पायावर दुसरा नको, हाताने चोळणं नको. असे पंधरा मिनिटं बसू द्या. तेवढ्या वेळात कॅमेराही चालू करून ठेवा, कारण फोनला जोडलेला कॅमेरा सुरुवातीची दहा-एक मिनिटं स्वतःच तापत असतो आणि आकडे सरकत राहतात. मधूनमधून टक् आवाज येतो, तो त्याच्या आतल्या झडपेचा. आवाज होऊन गेल्यावर फोटो काढा.

फोटो

सेटिंगमध्ये एमिसिव्हिटी (पृष्ठभाग आपली उष्णता किती प्रमाणात किरणांतून सोडतो तो आकडा) ०.९८ ठेवा, ती मानवी त्वचेची. रंगांची पट्टी आपोआप बदलू देऊ नका. २४ ते ३८ अंश अशी कायमची बांधून टाका. नाहीतर पाव अंशाचा फरकही लालभडक दिसतो, आई-वडील घाबरतात, आणि मागच्या आठवड्याचं चित्र आजच्या शेजारी ठेवता येत नाही.

अंतर अर्धा मीटर. खुर्चीचे पाय, पाट आणि फोनचा स्टँड यांच्या जागा जमिनीवर खडूने नव्हे, रंगाने आखा. समोरून दोन्ही पाय एका चौकटीत येतील असा एक फोटो काढा. मागून टाचेच्या वरच्या जाड कंडरेचा एक. बाहेरच्या बाजूंचे फोटो मात्र वेगवेगळेच काढावे लागतात, कारण दोन्ही बाहेरच्या कडा विरुद्ध दिशांना असतात आणि तिरप्या कोनातून तापमान कमी येतं. ते उजवा, डावा, पुन्हा उजवा, पुन्हा डावा असे मिनिटभरात उरका. कॅमेरा त्वचेला समोरासमोर हवा. खिडकीतून ऊन, मागे टिनाचा पत्रा किंवा स्टीलची कोठी असेल तर बाजूला करा.

आकडा काढणे

अ‍ॅपमध्ये चौकोन काढून आतली सरासरी मिळते. पहिला चौकोन बाहेरच्या घोट्याच्या हाडापुढे-खाली, रुपयाच्या नाण्याएवढा. दुसरा त्याच हाडामागे. तिसरा आतल्या बाजूला. हेच तीन दुसऱ्या पायावर, त्याच मापाचे. सर्वांत गरम बिंदू घेऊ नका. तो एखाद्या शिरेचाही असू शकतो. दुखऱ्या पायातून चांगला पाय वजा करा. वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, तीन फरक, आणि आदल्या दिवशी किती चालणं-पळणं झालं ते लिहा.

निरोगी माणसात दोन्ही पायांचा फरक साधारण अर्ध्या अंशाच्या आत असतो. अर्धा ते एक अंश असेल तर भार आहे तेवढाच ठेवा. एकच्या वर असेल तर कमी करा. पाऊल हा शरीराचा लहरी भाग आहे, म्हणून एकाच दिवसाच्या आकड्यावर निर्णय नको. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा.

आकडे वाचायचे कसे

समजा, दारव्ह्याकडची एक मुलगी, भरतीची तयारी करणारी, शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना पाय मुरगळला. एक्स-रे स्वच्छ. तिसऱ्या दिवशी हाडापुढचा फरक २.० अंश. सूज आहे, निळंही पडलंय, हे अपेक्षितच. आठव्या दिवशी १.२, चौदाव्या दिवशी ०.६. चालताना दुखत नाही. सतराव्या दिवशी ०.४. इथे बहुतेक जण कॅमेरा ठेवून देतात, आणि खरा उपयोग इथूनच सुरू होतो.

एकोणिसाव्या दिवशी ती हलकं पळते, डांबरीवर दीड किलोमीटर. संध्याकाळी काही त्रास नाही. पण पळल्यावर लगेच मोजू नका. व्यायामाने त्वचेतला रक्तपुरवठा तासन्‌तास बदललेला असतो. दुसऱ्या सकाळी मोजलं तर १.१. दुखणं नाही, सूज डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी घोटा तापलेला. तिला सांगायचं ते एवढंच की पळणं चुकीचं नव्हतं, प्रमाण चुकलं. दोन दिवस फक्त चालणं आणि टाचा उचलण्याचा व्यायाम. फरक पुन्हा अर्ध्या अंशाखाली आला की डांबरीऐवजी मातीच्या मैदानावर, दिवसाआड, निम्मं अंतर. सकाळचा आकडा शांत राहिला तर दर आठवड्याला थोडं वाढवा. स्वतःचं रंगीत चित्र डोळ्यांनी बघितलं की भरतीची पोरं जेवढं ऐकतात, तेवढं कुणाच्या ओरडण्याने ऐकत नाहीत.

पहिल्या आठवड्यात दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोनदा, आणि भार वाढवला की दुसऱ्या सकाळी हमखास, एवढी मोजणी पुरे.

कॅमेऱ्यासोबत काय तपासायचं

"पळ" हा शब्द या तपासण्यांनी म्हणायचा असतो. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटीमीटरहून जास्त तफावत नको. एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, एका पायावर टाचा उचलणं, एका पायावर उड्या, सगळं चांगल्या पायाच्या बरोबरीचं हवं. सूज मोजायला शिंप्याची टेप घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखी गुंडाळून दोन्ही पायांची मापं घ्या. तोल साधण्याचे व्यायाम सोडले तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो, कॅमेरा कितीही गार दाखवो.

डॉक्टरकडे लगेच

फरक कमी होण्याऐवजी वाढतच चालला आणि सोबत ताप, लाली किंवा जखम असेल तर संसर्गाची शंका घ्या. पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, गरम आहे, विशेषतः प्लास्टर किंवा बरेच दिवसांच्या अंथरुणानंतर, तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. वाट बघू नका. तिसरी खूण उलट आहे आणि म्हणून निसटते: दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा एक अंशाहून जास्त गार, कातडी चकचकीत किंवा रंग बदललेली, नुसत्या चादरीच्या स्पर्शाने आग. हे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे दुखापतीनंतर मागे राहणारं आणि दुखापतीच्या मानाने फार जास्त असलेलं दुखणं, असू शकतं. लवकर उपचार मिळाले तर फार फरक पडतो, म्हणून नागपूर, सेवाग्रामसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवा. साधं गारपण मात्र बराच काळ पाय न वापरल्यानेही येतं, ते हालचालीने जातं.

नोंदी

डॉक्टरांना फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की आतली तापमानाची माहिती गळून जाते आणि पलीकडे फक्त रंग पोचतात. अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो काढायला पालकांची संमती घ्या, आणि ते गावच्या ग्रुपवर टाकू नका.

पूर्ण सराव सुरू होऊन तीन आठवडे सकाळचा फरक अर्ध्या अंशाखाली राहिला आणि वरच्या तपासण्या बरोबरीत आल्या, की मोजणी थांबवा. दिवाळीनंतर सामने सुरू होण्याआधी मात्र संघातल्या सगळ्यांचे निरोगी घोटे याच पद्धतीने एकदा मोजून ठेवा. काहींचा एक पाय मुळातच ०.३ किंवा ०.४ अंशाने गरम असतो, आणि ती नोंद नसेल तर जानेवारीत त्याच पायाला दुखापत झाल्यावर तो नेमका कधी बरा झाला हे कळणार नाही.